बंकरमध्ये उतरलेले वडील

कोल्हापूरबाहेरच्या एका माळावर गोल्फचं मैदान होतंय आणि त्याच्या चढउतारांचं काम माझ्याकडे आहे, हे वडिलांनी अख्ख्या शिवाजी पेठेला सांगून टाकलं होतं. गोल्फ म्हणजे काय, हे मात्र त्यांना कुणाला सांगता येईना. फुटबॉलवर वाढलेली पेठ ती. "एवढुसा चेंडू आन् त्याला आख्खा डोंगर?" म्हणून ते स्वतःच हसायचे. शेवटी एका रविवारी म्हणाले, "दाव की एकदा, काय केलंयस ते."

मी हौसेनंच नेलं. माळ मुळातच देखणा आहे, ओढ्याकडे हळूहळू उतरत जाणारा, मध्येच काळ्या कातळाचा उंचवटा. तो फोडायचा असं आराखड्यात होतं. मी भांडभांड भांडून तो वाचवला आणि खेळाची वाट त्याला वळसा घालून नेली. हे सगळं मी हातवारे करत सांगत होते. वडील "व्हय, व्हय" म्हणत होते, पण त्यांची नजर भलतीकडेच होती.

चढाच्या कडेला आम्ही बंकर केला होता, म्हणजे चेंडू अडकावा म्हणून मुद्दाम खोदलेला वाळूचा खड्डा. त्यात नुकतीच पांढरी वाळू भरली होती. वडिलांचं तारुण्य तालमीत गेलेलं. त्यांनी चपला काढल्या, वाकून चिमूटभर वाळू कपाळाला लावली आणि आखाड्यात उतरावं तसे सरळ आत उतरले.

"माती लई हलकी हाय गं. ताक, तेल कायच घातलं न्हाई व्हय?"

"आबा, बाहेर या," म्हणेपर्यंत त्यांनी शड्डू ठोकला. आवाज माळभर घुमला. नेमके तेव्हाच आमचे मुख्य आर्किटेक्ट मालकमंडळींना घेऊन वर आले. कुणीतरी खुदकन हसलं, एकानं मोबाइल काढला. एरवी मी तिथल्या तिथं त्याची खरडपट्टी काढली असती. पण मला वडिलांची लाज वाटली. त्यांच्या अनवाणी पायांची, कपाळावरच्या वाळूची लाज वाटली.

"हे कोण?" आर्किटेक्टनी मला विचारलं.

एक शब्द पुरला असता. तो ओठांवर येईना. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. समोरच्याच्या डोळ्यांवरून डाव ओळखण्यात त्यांची हयात गेली होती. पोटच्या पोरीचा चेहरा वाचायला कितीसा वेळ लागणार? देवळातही छाती काढून उभ्या राहणाऱ्या त्या माणसानं हात जोडले.

"चुकलं सायेब. मी हितं वाळू वडायला आलोय. नवा हाय."

मग कडेचं दाताळं उचलून, मागं मागं सरत, आपल्याच पावलांचे ठसे पुसत ते बाहेर आले. चपला हातात घेऊन माझ्यासमोर थांबले.

"बाईसायेब, बरुबर झालं न्हवं?"

मी "हो" म्हणाले.