टाकी नंबर तीन

बर्फ वितळतो, किस्से साठतात. जामसंड्याच्या आमच्या बर्फाच्या कारखान्यात तरी असंच आहे. आमचे हे गेल्यावर मी ऑफिसला जाणं सोडलं होतं, आता परत जाणार नाही असंही ठरवलं होतं. पण हे किस्से घरबसल्याही आठवायचे.

सुरुवात ऑगस्तीनच्या डबीपासून झाली. ऑगस्तीन आमचा इलेक्ट्रिशियन. मशीनच्या कंट्रोलरमधले आकडे ही डबी उचलते आणि छोटे निरोप करून मोबाइलवर पाठवते. ज्याला जे हवं, त्याने तेवढंच मागवायचं. ऑगस्तीनने पहिल्याच दिवशी सगळंच मागवलं!

रविवारी चर्चमध्ये त्याचा खिसा टुणटुण वाजत राहिला. शेवटी फादर थांबले, म्हणाले, "ऑगस्तीन, जरा देवाचाय आयक!"

*

बाबलकाका आमचे जुने ऑपरेटर. निरोप आला की ते मोबाइलला उत्तर द्यायचे. "इलंय रे, इलंय! चाय तरी पिवक दे!"

"काका, ता फक्त सांगता. तेका आयकाक येणा नाय," ऑगस्तीन म्हणाला.

"माझी बायल तरी खंय आयकता? तरी सांगतंयच मां!"

*

एकदा दिवसभर नेट नव्हतं. आलं तेव्हा अडकलेले निरोप एकदम सुटले. 'कंप्रेसर बंद!' बाबलकाका जेवणावरून उठून खरकट्या हाताने धावत आले. कंप्रेसर मजेत चालू होता. तो सकाळी बंद पडला होता, आणि काकांनीच तो चालू केला होता!

"ऑगस्तीन, शिळी कढी चवीक लागता रे, शिळी बातमी नाय!"

*

हे गेल्यावर मी माझ्या मोबाइलवरचे बाकीचे निरोप बंद केले, फक्त धोक्याचे ठेवले. का, ते सांगता येणार नाही.

एका सकाळी मोबाइल वाजला. 'टाकी नंबर ३. तापमान वाढतंय. ताबडतोब या.'

मी होते तशी, घरच्या साडीत निघाले. कित्येक दिवसांनी फाटक उघडलं. नाक्यापर्यंत आल्यावर लक्षात आलं, कारखान्यात टाक्या दोनच आहेत.

तरी चालत राहिले.

ऑफिसात माझं टेबल पुसलेलं होतं. त्यावर चहा झाकून ठेवला होता. ऑगस्तीन डबीत डोकं घालून उभा.

"तिसरी टाकी कुठे आहे रे?"

त्याने वर पाहिलंच नाही. "सेन्सर बिघडलो, वैनी."

बाबलकाकांनी खुर्ची पुढे सरकवली.

"बसा, वैनी. दुरुस्त होवक टाईम लागतलो."