कणकेच्या गोळ्या

आत्याला निवांत बसलेलं मी क्वचितच पाहिलं. ती जेवायचीसुद्धा उकिडवी, एक टाच उचलून, जणू दारात कुणी हाक मारून उभं आहे. कणीक मात्र सावकाश मळायची. आमच्या गावी, गंगाखेडला, नदीच्या घाटावर रोज सकाळी ती माशांना त्या कणकेच्या गोळ्या टाकायची, प्रत्येक गोळीला रामाचं नाव घेऊन. ती तिथं असली की घाटाखालच्या डोहात जाळं टाकायची कुणाची छाती नव्हती.

मी हैदराबादला इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात वाढले. सुटीत तिच्यामागं घाटावर जायचे, पण गोळ्या टाकायला लाजायचे. "हात खराब व्हतेत व्हय गं मडमेचे?" असं म्हणून ती हसायची.

निजामी राजवटीच्या शेवटच्या वर्षी गावात राहणं धोक्याचं झालं. माझा थोरला भाऊ, दादा, कोकणात समुद्रकाठच्या एका गावी नोकरीला होता. त्यानं आम्हा दोघींना तिकडं नेलं. आत्याचा जीव काही लागेना. ओसरीत येरझाऱ्या आणि दिवसातून दहादा एकच प्रश्न, "मोटार कवा हाय?" दादा म्हणायचा, "सगळं निवळू दे, आत्या." ती म्हणायची, "निवळंस्तोर डोहात मासा ऱ्हाईल का? मी न्हाई म्हणल्यावर जाळं पडलंच आसंल."

तिचं मन रमावं म्हणून दादानं आम्हाला मत्स्यालय बघायला पाठवलं. बंदराजवळच्या लांबट खोलीत आठ-दहा काचेच्या पेट्या होत्या, वरून उघड्या. एका पेटीत पट्ट्यापट्ट्यांचा मासा काचेपर्यंत यायचा, वळायचा, पुन्हा यायचा. आत्या तिथं थांबली. "ह्याला बी घरी जायचंय," ती म्हणाली. मी पुढच्या पेटीकडं गेले. वळून पाहिलं तर तिनं कनवटीची पुरचुंडी सोडली होती, आणि टाचा उंचावून ती पेटीत गोळ्या टाकत होती. पाणी ढवळ्या धुरासारखं गढूळ होत चाललं होतं.

खाकी डगल्यातला रखवालदार धावत आला. "कुणी टाकलं हे?" त्यानं मलाच विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणाले, आणि आत्यापासून दोन पावलं लांब सरकले.

"मी टाकलं, दारोगासाहेब. पोरीला कशाला डाफरायलाव?"

"आजी, पिठानं पाणी नासतं. मरतात मासे."

"मरतेत?" तिचा चेहरा खर्रकन उतरला. मग तिनं पदर खोचला आणि बादली मागितली. पेटी स्वच्छ होईपर्यंत आम्ही दोघींनी धक्क्यावरून समुद्राचं पाणी वाहिलं. परतताना ती एवढंच म्हणाली, "येवढं इंग्रजी शिकलीस, माय, पर 'मी' म्हणाया न्हाई शिकलीस."

संध्याकाळी जेवताना दादानं विचारलं, "रमली का आत्या?" एरवी मी मान हलवून मोकळी झाले असते.

"नाही रमली," मी म्हणाले. "तिला जाऊ दे."

आत्याचा घास हातातच राहिला. दादा रागावला, दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. पण आठवड्याभरात परभणीकडं जाणारी सोबत मिळाली. मोटार यायच्या तासभर आधीपासून आत्या गाठोडं काखेत घेऊन उभी होती. चढताना तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. हाताला कणकेचा वास होता.

पंधरवड्यानं कार्ड आलं, शेजाऱ्याकडून लिहून घेतलेलं: 'पोचले. जाळं पडलंच होतं. थोडे राहिलेत, त्यांना रोज टाकते.' त्यानंतरचं पत्र शेजाऱ्यानं स्वतःच लिहिलं होतं. ती तापानं गेली होती. त्या दिवसांत गावात डॉक्टर नव्हता, जवळ आपलं माणूसही नव्हतं.

दादानं त्या पत्राची घडी घातली. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "तिला जाऊ दे, असं कोण म्हणालं होतं?"

त्याला ते माहीत होतं. तरी मी जागची हलले नाही.

"मी," म्हणाले.