चेटकीणबाईंचा साधा आवाज

स्टुडिओत त्यांना सगळे चेटकीणबाई म्हणत आणि त्याही खुशाल ओ देत. बाहेरून आलेल्या कार्टून सिनेमांतल्या दुष्ट बायकांना आपल्या भाषेत आवाज द्यायचा, हे त्यांचं सत्तावीस वर्षांचं काम. चेटकिणी, कपटी राण्या, आणि सावत्र आया तर पोत्याने. बाई स्वभावाने अगदी गरीब गाय; पण माइकसमोर उभ्या राहिल्या की काचेपलीकडच्या ध्वनिमुद्रकाच्या अंगावर काटा यायचा.

घरीही त्या सावत्र आईच होत्या. लग्न होऊन आल्या तेव्हा नवऱ्याची मुलगी सहा वर्षांची होती. बाईंनी तिचे केस विंचरले, डबे भरले आणि एका दुपारी घोडचूक केली. स्वयंपाकघराचं दार लोटून दुसऱ्या दिवशीचे संवाद घोकत बसल्या: "तुझा बाप तुला विसरलाय. आता तू माझ्या तावडीत आहेस!" पोर त्या दिवशी शाळेतून लवकर आली होती. दप्तर पाठीला तसंच, दाराबाहेर उभी.

पुढे बाईंनी तिला स्टुडिओत नेलं, माइक दाखवला, पडदा दाखवला. पोरीने शहाण्यासारखी मान डोलावली आणि घरी येऊन खोलीला आतून कडी घातली. त्यांना ती मावशी म्हणे, तेही गरजेपुरतं. तेव्हापासून बाई घरात सरकारी पत्र वाचावं तशा जपून बोलू लागल्या. फक्त एकदा, टायफॉइडमध्ये पोर ग्लानीत होती तेव्हा, उशाशी बसून त्या मनातलं सगळं बोलल्या. शुद्धीवर आल्यावर पोरीला त्यातलं अक्षरही आठवत नव्हतं.

ती मोठी झाली, लग्न करून दूरच्या शहरात गेली. वडील वारल्यावर फोनही कामापुरताच उरला.

मग तो सिनेमा आला. सगळं आक्रितच! राजपुत्र पहिल्याच वळणावर रस्ता चुकतो तो चुकतोच. जंगलात हरवलेल्या राजकन्येला शोधायला निघते ती सावत्र आई. गाव तिला दगड मारतं, आणि बघणारे आपणही तिच्या झोळीत विषच असणार म्हणून टक लावून बसतो. झोळीतून निघते पोरीची लोकरीची टोपी. शेवटी लग्न नाही, राज्य नाही. दोघी चालत घरी येतात, बस.

बाईंनी सवयीने पहिलंच वाक्य असं घोगरं काढलं की दिग्दर्शक वैतागला.

"बाई, ही दुष्ट नाहीये हो! तुमच्या साध्या आवाजात बोला ना."

"साधा कुठला?" बाईंनी खरंच विचारलं.

चौदा टेक वाया गेले. पंधराव्याला त्यांनी पडद्याकडे पाहणंच सोडलं. डोळे मिटले आणि तापलेल्या कपाळावर हात ठेवल्यागत म्हणाल्या, "मी आहे गं इथे. झोप तू." चित्रातल्या ओठांशी शब्द जुळले नव्हते. दिग्दर्शक डोळे पुसत म्हणाला, "राहू दे असंच."

आवाज देणाऱ्यांची नावं पडद्यावर येत नसत. मुलीने हे एकदा ऐकावं, एवढं एकच बाईंना हवं होतं. पण तिला फोन करून सांगायचा धीर काही झाला नाही.

चार महिन्यांनी मुलीचाच फोन आला. वडिलांचा कुठलासा दाखला हवा होता. बोलता बोलता म्हणाली, "मावशी, तो सावत्र आईचा सिनेमा आलाय ना, आमच्या पिल्लूने नुसतं वेड घेतलंय! त्या बाईचं 'झोप तू' ऐकल्याशिवाय दुपारी डोळा लागत नाही तिचा. कोण गं ती? किती मायेने बोलते, मलाच रडू येतं."

बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"आधी मला धास्तीच होती, तू असशील म्हणून," मुलगी हसली. "तुझा आवाज असता तर बंदच केला असता मी. लहानपणीचं जातच नाही बघ मनातून. रागावू नकोस हं."

"छे गं," बाई सरकारी आवाजात म्हणाल्या. "कुणीतरी नवीन आहे."

"थांब, पिल्लूला देते. पिल्लू, आजीला हॅलो म्हण."

"हॅलो आजी?"

आजी! बाईंना आजवर कुणी असं म्हटलं नव्हतं. त्यांचा सरकारी आवाज कुठल्या कुठे गेला. आता बोलल्या तर पोर ओळखणार, तिची आई जाणणार, आणि उद्यापासून पोरीची झोप जाणार. चटकन दुसरा आवाज काढायला गेल्या, तर सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना एकही आठवेना. गळ्यात होता तो फक्त साधा. बाईंनी तोंडावर हात घट्ट दाबून धरला.

"आई, कुणी बोलतच नाहीये," पिल्लू म्हणाली आणि तिने फोन ठेवून दिला.