दोनदा लिहिलेलं नाव

संगणकापुढे बसले की सर चष्मा कपाळावर चढवत, पडद्याला नाक टेकेल इतकं वाकत आणि विचारत, “ह्याला पायजे तरी काय, ताई?” यंत्रालाही मन असतं, असं मानणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

मी कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल. सर मराठी शिकवत आणि आमचं संशोधन-त्रैमासिक चालवत. दोन हजार सालानंतर कधीतरी टूम निघाली, की मोफत वाचता येणाऱ्या नियतकालिकांची इंटरनेटवर एक सूची आहे, तिच्यात आपलेही लेख घालायचे. त्यासाठी प्रत्येक लेखाचा मेटाडेटा, म्हणजे शीर्षक, लेखक, सारांश वगैरे भरून द्यायचा. आम्हा दोघांनाही त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. “मेटाकुटीला आणतो त्यो मेटाडेटा,” अशी सरांनी व्याख्या केली.

सुरुवात त्यांच्याच लेखापासून केली. सीमाभागातल्या मराठीत कानडीतून आलेल्या नात्याच्या शब्दांवर होता तो. सारांश मागितल्यावर सर चिडले. “एवढ्यात सांगता आलं असतं, तर लेख कशाला लिवला असता?” कीवर्ड विचारले तर अक्का, अण्णा, अप्पा, अव्वा. लेख सूचीत चाललाय की लग्नाच्या पत्रिकेत, हेच मला कळेना.

खरी अडचण पुढेच होती. नावाच्या चौकटीत त्यांनी आपलं नाव घातलं आणि आडनावाची चौकट रिकामी ठेवली. ती लाल झाली आणि फॉर्म पुढे सरकेना.

“आडनाव घाला ना, सर.”

“न्हाय. धम्मदीक्षा घेतल्यावर वडलांनी आडनाव टाकलं. त्यांनी टाकल्यालं मी उचलणार न्हाय.”

“मग गावाचं लावूया? पुढे ‘कर’ जोडून?”

“आमची वस्ती गावाभाईर. गावाचं नाव कशाला लावू?”

मग मी त्या चौकटीत नुसत्या खुणा घालून पाहिल्या. टिंब दिलं, आडवी रेघ दिली, यंत्राला काहीच पटेना. “ऱ्हाऊ दे मग लेख,” सर म्हणाले, पण खुर्चीतून उठले नाहीत. त्यांचं लिहिलेलं कोल्हापूरबाहेर पहिल्यांदाच कुणाला तरी वाचायला मिळणार होतं. ते त्यांना फार हवं होतं, आणि मलाही.

शेवटी सूचीवाल्यांना ई-मेल केला. उत्तर आलं, आडनाव नसेल तर नावच दोन्ही चौकटींत लिहा.

मी तसं भरलं. आता सर भडकणार, असं मला वाटलं. त्यांनी मात्र पडद्यावरचं नाव दोनदा वाचलं आणि हसायलाच लागले. “आई आशीच हाक मारायची की! पयल्या हाकंला म्या कवा ओ दिली न्हाय.”

ते खरंच होतं. कोपऱ्यातल्या टेबलावर वाचत बसले की आम्हालाही दोनदा हाक मारावी लागे. तेव्हा कुठे “आं?” करून मान वर येई.

सर जाऊन बरीच वर्षं झाली. लेख त्या सूचीत अजून आहे. फारच आठवण आली की मी तो उघडते आणि लेखकाचं नाव मोठ्यानं वाचते, एकदा आणि पुन्हा एकदा. दुसऱ्या हाकेला ते ओ द्यायचे, म्हणून जरा थांबते.