उरलेल्या खाचा

आमगावच्या दवाखान्यातले कंपाउंडर माणसाचं तोंड नंतर बघत, त्याच्या हातातली बाटली आधी. बाटली उजेडाला धरायची, एक डोळा मिटायचा आणि तिच्यावर चिकटवलेल्या कागदी पट्टीच्या खाचा मोजायच्या. एक खाच म्हणजे एका वेळचं औषध. या पट्ट्या ते स्वतः कातरत, म्हणून सगळं गाव त्यांना पट्टीबाबू म्हणे.

खोकल्याच्या लाल औषधाची बाटली कोणी फोडली काय, हरवली काय, त्यांना सोयरसुतक नसे. सगळा पहारा दुखण्यावरच्या काळ्या औषधावर. त्यात अफूचा अर्क असे. जुनी बाटली परत आणल्याशिवाय ते नवी भरत नसत. "बाटली काऊन नाही आनली?" हा त्यांचा रामराम. मला ते पक्के खडूस वाटत.

मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. त्या पावसाळ्यात शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, घसरून आईच्या कमरेचं हाड मोडलं आणि डॉक्टरांनी तिला काळं औषध लिहून दिलं. आठ दिवसांची बाटली मी पाचव्या दिवशीच रिकामी घेऊन गेलो.

"मायनंच पेलं का अजून कोनी?" पट्टीबाबूंनी विचारलं.

"म्हणजे? माझी आई काय नशाबाज आहे?"

"राग कायले येते मास्तर? तीन दिसाचं औषध कुठी गेलं, एवढंच पुसून राहिलो."

तणतणत घरी आलो, तर आई शांतपणे म्हणाली, "पार्बताले देलो थोडं थोडं. धानाच्या रोवणीले जाते बिचारी. दोन थेंब देले का लेकरू झोपून राहते म्हने. विरजन मांगलं त देतोच ना आपन? मंग औषधाले नाही कसं म्हनू?"

पार्बता आमची शेजारीण. मला आईचं म्हणणं पटलंही होतं. उलटपावली जाऊन मी ते पट्टीबाबूंना सांगितलं, जरा ऐटीतच. ते रांगेतले रोगी तसेच टाकून, चप्पलही न घालता निघाले ते थेट पार्बता रोवणी करत होती त्या भाताच्या बांधीवर; मागोमाग मी. मोहाच्या झाडाला लुगड्याची झोळी टांगलेली होती. त्यांनी लेकरू उचललं, तळपायावर टिचक्या मारल्या, हाका मारल्या. ते डोळे उघडेना. श्वास चालतो की नाही, मला समजेना. त्याला उराशी धरून हा पन्नाशीचा माणूस चिखलातून दवाखान्यापर्यंत पळत आला. दुपार सरता सरता लेकरू रडलं. मीही रडलो, हे कबूल करायला हरकत नाही.

मला वाटलं, आता पार्बताची खरडपट्टी निघणार. ते तिला एवढंच म्हणाले, "याले असं आता कधी देऊ नको, बाई." मला म्हणाले, "तिले बोलून का होते? भरून त मीच देलो ना."

मग त्यांनी डॉक्टरांना सांगून आईचं औषध दोन-दोन दिवसांचं करून घेतलं. मला सारख्या चकरा. वैतागून मी गोंदियाला गेलो आणि तिथल्या एका डॉक्टरकडून त्याच औषधाची दुसरी चिठ्ठी आणली. पट्टीबाबूंनी दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या.

"मास्तर, माय त एकच आहे न जी?"

सगळ्या रोग्यांसमोर! जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. दोन्ही चिठ्ठ्या घेऊन ते आत डॉक्टरांकडे गेले.

आईची कंबर सावरली, औषध सुटलं. दोन वर्षांनी तिच्या पोटात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी हात टेकले. काळ्या औषधासाठी पुन्हा भांडावं लागणार, म्हणून मी कंबर कसून गेलो, तर पट्टीबाबूंनी मागितल्याशिवाय भरली बाटली पुढे केली. रोज स्वतः घरी येत, आईला विचारत, "माय, किती दुखते?" तिला कण्हताना पाहिलं की मला झापत. "औषध काऊन वाचवून राहिले? हे दुखण्यासाठीच आहे. लागलं त अजून मांगतो डॉक्टरले." मी चक्रावून गेलो. थेंबाथेंबाचा हिशेब मागणारा खरा, की हा? एकाच माणसात हे दोघे कसे राहत, ते मला कळलं नाही.

आई गेली. तिला पोचवून आलो, तर पट्टीबाबू दारात उभे. मला वाटलं, खांद्यावर हात ठेवतील. ते म्हणाले, "बाटली आना."

"आजच्या दिवशी तरी?" मी ओरडलो.

त्यांनी ऐकून घेतलं, पण हात मागे घेतला नाही. चार खाचा औषध उरलं होतं. परसात खड्डा करून त्यांनी ते ओतलं, माती लोटली, बाटली तीनदा विसळून कोनाड्यात पालथी घातली आणि सांत्वनाचा एक शब्द न बोलता निघून गेले. पुन्हा त्यांचं तोंड बघायचं नाही, असं मी ठरवलं. त्याच वर्षी माझी बदली अर्जुनीला झाली आणि ते ठरवणं आपोआपच पाळलं गेलं. त्या दिवशीचं त्यांचं वागणं चूक की बरोबर, याचा घोळ आजही माझ्या मनात मिटलेला नाही.

एक मात्र सांगायला हवं. आई गेल्याच्या तिसऱ्या दिवशी पार्बता आली होती. तेच लेकरू आता तिचा पदर धरून उभं होतं आणि तिच्या हातात वाटी होती.

"गुर्जी, मायचं औषध उरलं असन त थोडं द्या जी. लेकरासाठी नाही, सासूची कंबर धरली आहे."

मी कोनाड्यातली बाटली काढून तिला दाखवली. खरं सांगतो, तिच्यात एक खाच जरी उरली असती, तर मी पार्बताला नाही म्हणालो नसतो.