भज्यांची बशी

हातात भज्यांची बशी धरून तुम्ही कधी कुणाचा जीव घेतला आहे का? आम्ही घेतला. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष सभेत चहा-भजी आल्यावरच विचारतात, "कुणाचा विरोध असेल तर हात वर करा." एका हातात बशी, दुसऱ्यात कप. हात वर करणार कोण? गेल्या सभेत अंगणातली बकुळ अशीच गाडीच्या जागेसाठी तोडायची ठरली. तिच्या सावलीत रोज बसणाऱ्या कुसुमकाकू "अहो, पण..." म्हणाल्या, तर अध्यक्ष हसले, "काकू, भजी गार होतायत!"

आज त्या जागी अध्यक्षांची गाडी उन्हात भाजत उभी होती. दार उघडताना हात पोळून ते ओरडले आणि मला मनापासून आनंद झाला. पण काकू आता खिडकीसुद्धा उघडत नाहीत. माझी सूडाची तहान एवढ्यावर भागणार नाही. घरी, कचेरीत आपले किती निर्णय असेच कुणीतरी आपले हात गुंतवून उरकून घेतो!

रविवारच्या सभेत अंगणात उरलेलं चिंचेचं झाड तोडायचा विषय आहे. मी रिकाम्या हातांनी जाणार आहे. तुमच्याकडेही सभा होईल, भजी येतील. तेव्हा एवढंच करा: आधी बशी खाली ठेवा.