रुमानिया मास्तर

जानेफळच्या शाळेत आमच्या हेडमास्तरांशी तुम्ही कशावरही बोला, पाच मिनिटांत ते रुमानियात पोचत. सरकीचा भाव विचारला, तरी तिथल्या शेतकऱ्याचं धान्य तुर्काच्या घशात कसं जाई ते सुरू. सारं गाव त्यांना रुमानिया मास्तरच म्हणे. मी त्यांचा दुय्यम शिक्षक. मला सुटका नव्हती.

मेहकरच्या बाजारात त्यांना वेष्टण फाटलेलं एक इंग्रजी पुस्तक मिळालं होतं. तुर्कांच्या अमलाखालच्या त्या मुलखात एका शेतकऱ्याच्या पोरानं बंड उभारलं, त्याचं चरित्र मराठीत आणायचं मास्तरांनी मनावर घेतलं. त्याचं नाव त्यांना दोनदा एकसारखं उच्चारता येईना, म्हणून तो नुसता 'पुढारी' झाला. मास्तरांचं अक्षर त्यांचं त्यांनाच लागत नसे. त्यामुळे ते सांगत आणि मी लिही.

एकेक प्रकरण मी चार-चार वेळा लिहिलं. रशियाच्या फौजेबरोबर पुढारी तुर्कांशी लढला, तिथवर ठीक. पण त्याचा घोडा कधी पांढरा, कधी तांबडा! "मास्तर, एक रंग ठरवा हो," मी वैतागून म्हणालो.

"अहो, लढणारा माणूस तो. एक घोडा जन्मभर पुरतो काय?"

लिहून झालेलं ते पारावर वाचून दाखवत. पुढारी शेतकऱ्यांची फौज घेऊन राजधानीवर चालून गेला, त्या दिवशी एका माळ्यानं विचारलं, "मास्तर, हा तुर्क म्हंजे आपला गोरा सायबच नाही का?"

मी डोळ्यांनी खुणावतोय, नाही म्हणा, नाही म्हणा. मास्तर म्हणाले, "ज्याले जसा दिसन तसा."

लोक हसले. मला घाम फुटला.

कुणीतरी चहाडी केली; पंधरा दिवसांत शाळा तपासणारे डिपटीसाहेब हजर. चरित्राची वही टेबलावर ठेवून त्यांनी विचारलं, "अक्षर कुणाचं?" माझ्या बायकोचे तेव्हा दिवस भरत आलेले. मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

"माझं," मास्तर म्हणाले.

साहेबांनी खडू पुढे केला. मास्तरांनी फळ्यावर अर्धी ओळ लिहिली, मुंग्यांची रांग फुटावी तशी. साहेबांनी फळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"खडूनं अक्षर बिघडतं, साहेब," मास्तर म्हणाले.

मी गप्प उभा राहिलो. वही जप्त झाली आणि नोकरी एकट्या मास्तरांची गेली.

ते अमडापूरला आपल्या भावाकडे निघाले, त्या सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. पाया पडायला वाकलो, तर म्हणाले, "बरे आलात. शेवट सांगायचा राहिला. पुढाऱ्याला तुर्कांनी नाही मारलं. त्याच्याच सरदारांनी त्याला धरून दिलं." मी मान वर केली नाही. "त्यांना चांगलं झोडपणार होतो मी. पण आता वाटतं, भ्याले असतील बिचारे. घरी बायकापोरं असतील. तसं लिहा."

हा टोमणा होता की समजूत, ते आजवर मला कळलेलं नाही. मास्तर पुढे अमडापूरलाच वारले. सगळं चरित्र मी आठवून पुन्हा लिहून काढलं; ते एक पान तेवढं अजून कोरं आहे. कसं लिहायचं, तेही सांगून गेला हा माणूस! त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या, तर मी सुटलो असतो.